न फिरणारं चाक

जत्रेत चक्रीवर बसलं की थोड्या वेळाने वाटतं, आपण जागच्या जागी आहोत आणि सगळी जत्राच आपल्याभोवती फिरतेय. टर्बाइनमधला प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवण्याची एक रुळलेली युक्ती हीच आहे. चाक फिरवायचंच नाही. आपण चाकावर बसायचं आणि समीकरणांत सेंट्रिफ्युगल आणि कोरिऑलिस ही बलं घालायची. याला 'फ्रोझन रोटर' म्हणतात, म्हणजे गोठलेलं चाक. ज्या कोनात चाक थांबवलं, त्या एकाच कोनाचं उत्तर मिळतं.

मशीन ठरलेल्या प्रवाहावर चालत असेल तर एफिशियन्सीचा अंदाज यातून बऱ्यापैकी येतो. पण पातं स्थिर भागासमोरून जाताना दाब जो सतत वरखाली होतो, तो यात दिसणारच नाही, कारण या गणितात वेळच नाही. तो हवा असेल तर चाकाभोवतीची मेश खरोखर थोडी थोडी फिरवावी लागते. मग तासांचं काम दिवसांवर जातं.

काही वर्षांपूर्वी शिरोलीतल्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी असं गणित केलं. पंप उलटा चालवून त्याचाच टर्बाइन करायचा, डोंगरातल्या ओढ्यावर बसवायचा, असा बेत होता. मुदत जवळ आली होती. मी चाक गोठवलं, आणि आलेलं स्थिर चित्रच गोल फिरवून त्याचा व्हिडिओ केला. लाल-निळे रंग झकास दिसत होते. मालक काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे फिरतंय न्हवं?"

"होय काका."

गणित खरं होतं. आकडेही खरे होते. खोटा होता तो एवढा एक शब्द.

त्यांना सांगून काय कळलं असतं, ही सबब मी स्वतःला बरेच दिवस देत होतो. ती लंगडी आहे. ओतकामात पॅटर्न मुद्दाम मूळ मापापेक्षा मोठा करतात, कारण धातू थंड होताना आकसतो. म्हणजे उपयोगाचं 'चुकीचं' माप काका रोज वापरत होते. फरक इतकाच की ते चुकीचं आहे हे साचा भरणाऱ्यापासून लेथवरच्या माणसापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. माझं गोठलेलं चाक फक्त मला माहीत होतं. (आणि व्हिडिओ केला नसता तर काकांनी तो प्रश्न विचारलाही नसता, हे आणखी वाईट.)

दाबाचे हे हेलकावे किरकोळ नसतात. 17 ऑगस्ट 2009 ला रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात दोन नंबरच्या टर्बाइनचं झाकण उडालं आणि 75 माणसं गेली. ते मशीन हादरत होतं, चालवू नये अशा पट्ट्यातून वारंवार नेलं जात होतं, आणि झाकणाचे बोल्ट थकत गेले होते. आमचं यंत्र त्याच्यापुढे खेळणं. तरी पाणी कमी असताना ते घुमतं, असा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा तो व्हिडिओच आठवला. घुमण्याचं कारण बेअरिंग असेल, पाया असेल, दुसरंही काही असेल. माझ्या गणितात ते दिसलं नसतं, एवढं मात्र नक्की होतं.

मी वर्कशॉपवर गेलो. काका, त्या व्हिडिओत चाक फिरत नव्हतं, म्हटलं. ते हातातला इंपेलर पुसत होते, पुसतच राहिले.

"मग तवाच का सांगितलं न्हाईस?"