चर्चची किल्ली

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका गावात लहानसं चर्च होतं. अलायन्स मिशनच्या काळातलं, जाड भिंतींचं. मंडळीत पंचवीस-तीस घरं. कोणी शेतमजूर, कोणी शिक्षक, कोणी एस.टी.त कंडक्टर.

त्या मंडळीच्या तरुण संघाचं काम एका मास्तरांकडे आलं. मास्तर मनाचे सरळ आणि कामाला वाघ. शनिवारी शाळा सुटली की थेट चर्चमध्ये येत. झाडलोट करत, सतरंज्या अंथरत, पेटी काढून ठेवत. गाणी तेच निवडत, वचन तेच वाचत, उपदेशाचे चार शब्दही तेच बोलत. शेवटी पदरच्या पैशाने सगळ्यांना चहा-बिस्किटं देत.

पहिल्या शनिवारी चर्च भरलं. मुलं आली, बसली, चहा पिऊन गेली. पुढे सोयाबीनची सोंगणी लागली आणि मुलं कमी झाली. सोंगणी आटोपली, तरी ती परतली नाहीत. मास्तरांनी कॅरम आणला. लोणारच्या सरोवराला सहल काढली. सहलीला गाडी भरली. पुढच्या शनिवारी सतरंजी रिकामीच राहिली.

चर्चशेजारी एक आजी राहत. त्यांची आजी १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झाली आणि मिशनच्या खामगावच्या अनाथाश्रमात वाढली. चर्चची किल्ली कितीतरी वर्षं या आजींच्या कमरेला होती. एका शनिवारी मास्तर एकटेच सतरंजी गुंडाळत होते. आजी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, तुम्ही पोरायले पाव्हणं करून ठेवलं,” त्या म्हणाल्या. “पाव्हणा चहा पेते अन् घरी जाते. त्याले या घराची काळजी काहून लागीन?”

मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली. “माहे गुडघे आता चालत नाहीत. हे त्या पोराले द्या.”

बाहेर लिंबाखाली मोटरसायकलवर एक पोरगा बसला होता. रोज तिथे बसायचा, आत कधी येत नसे. मास्तर थबकले. पण आजींचा शब्द मोडवेना. त्यांनी किल्ली नेऊन त्याच्या हातावर ठेवली.

“मले? अन् हरवली तर?”

“हरवली तर तूच दुसरी करून आणशील.”

चर्चचं दार जुनं, सागवानी. पावसाळ्यात ते फुगायचं. खांद्याने पल्ला थोडा वर उचलून धरला, तरच कुलपात किल्ली फिरायची. आजींनी ते त्याला दोनदा करून दाखवलं.

पहिल्याच रविवारी पोरगा झोपून राहिला. पाळकसाहेब, पंच, लेकुरवाळ्या बाया, सगळे उन्हात उभे. तो धावत आला तेव्हा एका पंचांनी हात पुढे केला. “आण ती किल्ली इकडे.”

मास्तर मध्ये आले. “राहू द्या त्याच्याकडेच. पुढच्या रविवारी तो वेळेवर येईल.”

पोरगा खाली मान घालून उभा राहिला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांच्या आधी दार उघडं होतं.

दार उघडल्यावर त्याला आतली धूळ दिसली, म्हणून त्याने केरसुणी घेतली. एकट्याने सतरंजी झटकता येईना, म्हणून मित्राला हाक मारली. मित्राच्या बहिणीचा गळा चांगला होता. तिने गाण्यांची वही केली. आजींना चर्चपर्यंत येणं होईना, तेव्हा दोन मुली त्यांच्या ओट्यावर बसून शास्त्र वाचू लागल्या. मग इतर म्हाताऱ्यांच्या घरीही जाऊ लागल्या. मास्तर आता मागच्या सतरंजीवर बसत. कोणी विचारलं तर सांगत. कोणाचं चुकलं, तर सभा संपल्यावर त्याला एकट्याला गाठून सांगत. नाताळचा तारा कुठे टांगायचा यावरून मुलांची जुंपली, तेव्हा पंच वैतागले. मास्तर म्हणाले, “त्यांचं त्यांना ठरवू द्या.”

काही वर्षांनी त्या पोराला चाकणला कारखान्यात काम लागलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने आठवीतल्या एका मुलाला दारापाशी नेलं. खांदा लावून पल्ला कसा उचलायचा, ते दाखवलं. “रविवारी लोकं उन्हात उभे राहिले नाही पाहिजेत,” एवढंच म्हणाला आणि किल्ली त्याच्या हाती दिली.

बायबलमध्येही असंच घडलं. याजक एली म्हातारा झाला होता, त्याची नजर मंदावली होती, तेव्हा परमेश्वराच्या घराची दारं सकाळी शमुवेल नावाचा मुलगा उघडत असे. देवाने हाक मारली ती त्या मुलाला. पण हाक कोणाची, हे त्याला म्हाताऱ्या एलीने सांगितलं. तरुण संघाला या दोन्ही गोष्टी लागतात: मुलांच्या हाती खरं काम आणि पाठीशी जाणतं माणूस. मुलं चुकतील हे ठाऊक असूनही जी मंडळी त्यांच्यावर काम सोपवते आणि पहिल्या चुकीला ते काढून घेत नाही, त्याच मंडळीला उद्याची माणसं मिळतात.