तळणातली चरबी

अमेरिकेतील मॅक्डोनल्ड्सने १९९० साली फ्रेंच फ्राईज तळताना गोमांसाची चरबी सोडून वनस्पती तेल धरल्याचे जाहीर केले. तेल बदलले खरे. चवीसाठीचा गोमांसाचा अंश मात्र न सांगता राहिला. २००१ साली शाकाहारी व हिंदू ग्राहकांनी दावे लावले. २००२ मध्ये कंपनीने जाहीर क्षमा मागितली आणि १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

आपल्यापैकी काहींना याचे हसू येईल. अन्नाने मनुष्य विटाळत नाही, हे आम्ही प्रभूकडूनच शिकलो. परंतु पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात आम्ही राहतो, नाताळात शेजारी ताट पाठवतो. शेजारी चौकशी करीत नाही. विश्वासाने घास घेतो.

संत पौलाने करिंथकरांना बाजारातले मांस चौकशी न करता खाण्याची मोकळीक दिली. ती मोकळीक खाणाऱ्याची. वाढणाऱ्याने गप्प राहावे, असा तिचा अर्थ आम्हांला तरी लागत नाही. उलट, दुसऱ्याच्या सदसद्विवेकासाठी स्वतःचा घासही सोडावा, असे तो त्याच अध्यायात सांगतो.

गोमांस दूरच राहिले. आमच्या केकमध्ये अंडी असतात. समोरच्या माळकरी आजींना ताट देताना ते आम्ही दर वर्षी सांगतो का?