भार

आज ‘भार’, म्हणजे मालगाडीने वाहायचा माल, या एकाच शब्दापाशी थोडे बसू. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आपल्या उंद्रीतून कापूस, सोयाबीन निघते ते ट्रक-टेम्पोने; रूळ भेटतो तो खामगावी. अमेरिकेतील यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव ही १२-१३ किलोमीटरांची चिमुकली शाखा खुली झाली, ती मुख्यतः गाठींसाठी. आधी भार जमला, मग रूळ आला.

जमणे हाच भाराचा धर्म. शेगावहून श्रींची पालखी पंढरीला निघते तेव्हा एकेकटे चालणारे दिंडीत येऊनच वारी होतात; तसेच सुटे पोते एकटे मालगाडीचा भार होत नाही. एका जागी, एका वेळी, एकाच मुक्कामासाठी गोळा झालेला मालच तो मान मिळवतो.

खाणीत माल असाच एका जागी मिळतो, म्हणून जगभर हा भार बहुधा खाणीपाशी जन्मतो. भारतीय रेल्वेने २०२३-२४ मध्ये सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला, त्यात जवळपास अर्धा कोळसा. चीनची वाहतूक याहून कितीतरी मोठी, पण तिचाही मोठा आधार कोळसाच. मात्र भट्टी विझली की भार ओसरतो : अमेरिकेत वीज नैसर्गिक वायूवर वळली तशा कोळशाच्या वाघिणी घटल्या, आणि ब्रिटनने २०२४ मध्ये कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद केले.

तरी भार केवळ खाणीतून येतो असे नव्हे. तो संकल्पानेही जमतो. स्वित्झर्लंडच्या जनतेने १९९४ मध्ये कौल दिला की आल्प्स ओलांडणारा परका माल रुळावरून जावा. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरांचा गॉटहार्ड बोगदा खुला झाला, आणि आज तिथला आल्प्सपार माल बहुतांशी रेल्वेने जातो. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघालेली पहिली किसान रेल हा सुट्या भाराला दिंडीत घेण्याचाच प्रयत्न होता.

जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती मागणी रास्तच आहे. पण एक रेक, म्हणजे एक पूर्ण मालगाडी, भरायला सुमारे अडीच हजार टन, म्हणजे २५,००० क्विंटल माल लागतो, आणि आपला शेतकरी भाव पाहून, गरजेपुरते, दहा-वीस क्विंटल बाजारात नेतो.