मनाचे दुखणे आणि लोकलज्जा

रावेर परिसरात केळीच्या पानावर करपा दिसला, तर शेतकरी तो झाकून ठेवीत नाही. रोगट पान कापतो, शेजाऱ्यास दाखवितो, जाणत्यास विचारून औषध फवारतो. त्याच शेतकऱ्याच्या घरी तरुण मुलाची झोप उडाली, तो एकटाच बोलू लागला, अन्न टाकून बसला, तर मात्र दार लावून घेतले जाते. ‘बाहेर कळले तर मुलीचे लग्न कसे जमेल?’ हा प्रश्न ‘मुलगा बरा कसा होईल?’ या प्रश्नाच्या आधी उभा राहतो. पिकाच्या रोगाची लाज नाही, मग मनाच्या रोगाची का असावी?

ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानिले आहेत. देह प्रपंचाचा; मनाचे व्यापार देहाच्याच आश्रयाने चालतात. काविळीने जीवाची योग्यता घटत नाही, तशी ती मनाच्या आजारानेही घटत नाही. ‘कर्मभोग आहे, भोगलाच पाहिजे’ असे कोणी म्हणतात. पण मोडलेले हाड तेही बसवून घेतात. भोगाचा सिद्धान्त स्वतःच्या दुःखात धैर्य धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखात हात आखडण्यासाठी नव्हे.

ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंस लोक वेडे समजत. म्हाइंभटांच्या चरित्रग्रंथाने ते लपविले नाही. ईश्वराची लीला आणि जीवाचा आजार एक नव्हेत. त्यांची गल्लत करू नये. तथापि ज्या परंपरेने तो शब्द भक्तीने जतन केला, तिच्या अनुयायांनी तो कोणा दुःखिताच्या अंगावर शिवीसारखा फेकणे शोभत नाही.

पंथाच्या काही स्थानांवर ‘बाधा’ झालेल्यांस घेऊन कुटुंबे येतात. व्हिडा स्कल्टन्स या विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. रुग्णाबरोबर घरची माणसे, विशेषतः स्त्रिया, तेथे राहून त्याचे दुःख वाटून घेत, असे तिला दिसले. हा आधार मोलाचा आहे. परंतु आधार म्हणजे औषध नव्हे. वैद्य टाळण्यासाठी देवाचे दार धरले, तर ती भक्ती नसून लोकलज्जाच होय. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आश्रमात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्यू पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. मुंगी वाचविणाऱ्या अहिंसेला हे कायद्याने सांगावे लागू नये.

२०१५-१६ साली १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार आढळला. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. उपचारांची सोय अपुरी आहे, हे एक कारण. लज्जा हे दुसरे. पहिले शासनाने दूर करावयाचे, दुसरे घराघराने. रावेरहून भुसावळमार्गे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर घरबसल्या, नाव न सांगताही बोलता येते.

स्मरण, प्रार्थना, स्थानवंदन सोडण्याचे कारण नाही. मात्र पीडित माणूस मठाच्या पायरीशी आला, तर भिक्षूने प्रथम त्यास बसवावे, जेवू घालावे, सोबतच्यांना ‘डॉक्टरांना दाखविले काय?’ असे विचारावे. आणि ते संकोचले, तर एखाद्या वासनिकास त्यांच्यासोबत जळगावास धाडावे.