भाषेवर हक्क कुणाचा?

भाषा जन्माने आपली होते की मेहनतीने? झुंपा लाहिरी यांचे उदाहरण इथे आठवते. लंडनला जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या या बंगाली लेखिकेला इंग्रजी कथांसाठी 2000 साली पुलित्झर मिळाले. इटालियनशी त्यांचे ना रक्ताचे नाते, ना पोटापाण्याचे. 1994 साली खिशात मावेल एवढा शब्दकोश घेऊन त्या फ्लॉरेन्सला गेल्या आणि त्या भाषेची ओढच लागली. पुढे अनेक वर्षे अभ्यास. शिकवणीही लावली, पण शिकवणीने भाषेचे दार दिसते, आत चालत जायचे ते एकट्यानेच. वाचताना अडलेले शब्द त्या वहीत उतरवीत, विसरत, पुन्हा उतरवीत. 2012 साली रोमला जाण्याआधीच इंग्रजी वाचन थांबवले. तिथे रोजनिशी चुकतमाकत इटालियनमध्ये सुरू केली. 2015 साली त्या भाषेत पुस्तक आले.

तरीही एका दुकानात विक्रेतीने शाबासकी दिली ती त्यांच्या नवऱ्याला! त्याचे इटालियन त्यांच्यापेक्षा कच्चे, पण चेहरा तिथला वाटणारा. हे वाचून आम्हाला हसू आले नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, मराठीत लिहितो. 'अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!' हे कौतुक आमच्याही ओळखीचे आहे. कौतुकच ते, पण पाहुण्याचे.

खुद्द इटालियनमध्ये साखरेला 'त्सुक्केरो' म्हणतात. तो अरबी 'सुक्कर'. त्याला कुणी वंश विचारत नाही.

लाहिरी वाद घालत बसल्या नाहीत. 2018 साली त्यांनी इटालियनमध्ये कादंबरी लिहिली आणि 2021 साली तिचे इंग्रजी भाषांतर आले, तेही त्यांनी स्वतःच केलेले.