श्रमदान सीव्हीत लिहावं का?

आज गीता, अध्याय २, श्लोक ५०.

रविवारी संत कान्होराज पाठकांच्या केंदूरला माळावर चर खणायला गेलो. सोबतच्या मित्राने विचारलं, "हे सीव्हीत लिहिलं तर सेवा वाया जाते का रे?"

२०१६च्या पहिल्या वॉटर कपमध्ये कोरेगाव, अंबाजोगाई, वरूडच्या गावकऱ्यांना आधी प्रशिक्षण दिलं होतं. उतार मोजायचा, समतल रेषा आखायची, मगच कुदळ. रेषा चुकली की पाणी खालच्या टोकाला साचून चर फोडतं, भाव कितीही शुद्ध असो! या श्लोकात तर कर्मातल्या कौशल्यालाच योग म्हटलंय. मग त्या शिकलेल्या हातांना उद्या रोजगार मिळाला तर बिघडलं कुठं? खटकतं ते फोटोपुरतं फावडं धरणं. (मीही धरलंय.)

या वेळी दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. रात्री मोबाइल न उघडताच झोप लागली.