हेवी मेटलचं म्हातारपण

युरोपातला उन्हाळा जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा घरोघरी छत्र्या निथळत असतात. २०२५ चा तो उन्हाळा मी हेवी मेटलचे कार्यक्रम ऐकत लंडन, बर्मिंगहॅम, उत्तर जर्मनी असा भटकत काढला. कानातली शिट्टी केव्हाच थांबली. आता सकाळच्या चहाबरोबर त्यातलं जे आठवतं, त्यात गाणी कमी आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची शरीरंच जास्त.

२८ जूनला लंडन स्टेडियमवर आयर्न मेडन होतं. याच मंडळींना मी १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात ऐकलं होतं. त्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत बँडला देशोदेशी घेऊन जात होता. तेव्हा ड्रमवर निको मॅकब्रेन असायचा. २०२३ च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. काही महिन्यांत गडी पुन्हा ड्रमवर बसला. ज्या द्रुत जागा हाताला येईनात त्या त्यानं बदलून घेतल्या, आणि २०२४ च्या डिसेंबरात दौऱ्यांना रामराम केला. लंडनला त्याच्या जागी सायमन डॉसन होता. वाजवलं चोख, मी मात्र उगाचच निकोच्या जागा शोधत बसलो.

पुढच्याच शनिवारी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर गायक ऑझी ऑस्बोर्न आणि त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. ऑझीचं बालपण याच ॲस्टन भागात गेलं. शहात्तर वर्षांचा, पार्किन्सननं पायांतली ताकद काढून घेतलेला हा माणूस रंगमंचाच्या खालून काळ्या सिंहासनावर बसूनच वर आला. उभा राहिला नाही, राहणं शक्यच नव्हतं. पण कमरेच्या वरचा ऑझी जुनाच होता: डोळे वटारलेले, हात वर, सगळ्या मैदानाला टाळ्या वाजवायला लावणारे. आवाज मधेच घसरायचा. तो घसरला की चाळीसेक हजार माणसं ती ओळ उचलून धरायची. हे मी कितीतरी कार्यक्रमांत पाहिलंय, पण तिथं त्यात लाडिकपणा नव्हता. खांदा देण्याचा प्रकार होता.

आणि त्याच्या बाजूला बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. हा सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं सापडली आणि त्यांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून पातळ तारा लावल्या. पुढं १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा सैल करून सूरच खाली उतरवला. तो जड, खर्जातला आवाज, ज्यावर पुढं हजारो पोरांनी आपापले बँड उभे केले, त्यात मोठा वाटा या दुखऱ्या बोटांच्या सोयीचा आहे. संतापलेल्या तरुणांचं संगीत म्हणून आपण याच्याकडं पाहतो. मला तर ते पहिल्यापासून जायबंदी शरीराला जमेल तसं वाजवायचं संगीत वाटतं.

वयाचं भय रॉकवाल्यांनाच फार. आपण पुण्याची माणसं त्या बाबतीत जरा बरी. २००७ च्या डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात पंच्याऐंशी वर्षांचे भीमसेनजी गायला बसले, तेव्हा तान पूर्वीसारखी पल्लेदार आहे का, हे मोजायला कुणी आलं नव्हतं. थकलेल्या गळ्यातला एक सूर लागला तरी मंडप तृप्त होता. मेटलच्या श्रोत्यांना हे आता कुठं जमायला लागलंय. रॉक गायक ॲक्सल रोझचा आवाज चिरका झाला म्हणून कुरकुरणारे पुढं उत्तर जर्मनीतल्या वाकेनच्या महोत्सवातही भेटलेच. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, चिरका झालाच आहे.

ऑझी २२ जुलैला गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, त्याच दिवशी वाकेनचा महोत्सव सुरू झाला. वाकेन हे जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं. १९९० पासून तिथं हा मेळा भरतो आणि आता ऐंशी हजारांवर माणसं येतात. गावच्या अग्निशमन दलाचा पितळी वाद्यांचा ताफाही तिथं दणक्यात वाजवतो. त्या वर्षी पावसानं शेतांचा रबरबाट केला होता, रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टर ओढून काढत होते. जिकडंतिकडं ऑझीचे टी-शर्ट. गुडघ्याला पट्टा बांधलेला एक आजोबा, जीन्सच्या बंडीवर चाळीसेक वर्षांचे बँडांचे बिल्ले शिवलेले, नातवाच्या कानांवरची आवाजरोधक टोपणं नीट बसवत होता. त्याची बायको घोट्याच्या वर चिखलात रुतली होती. मी हात दिला. पाय आला, बूट आतच राहिला. दोघांनी मिळून तोही उपसला. तिनं तो उलटा करून पाणी ओतलं, पुन्हा पायात घातला आणि गर्दीतून पुढं सरकत मला विचारलं, “येतोस का? तिथून नीट दिसतं.” मी तिच्याहून तीसेक वर्षांनी लहान असेन. मी चहा कुठं मिळतो ते शोधत होतो.